तिरप्या ओळीचा धनी

मेणकागदावर रेघ मारली की कागद फाटतो, हे मला पाटीवर अक्षर गिरवायच्या आधीपासून ठाऊक होतं. बाबा कामणच्या एका गोदामात काम करायचे आणि रविवारी मनवेलपाड्याच्या आमच्या खोलीत बसून युनियनची पत्रकं लिहायचे. सायक्लोस्टाइलचा मेणकागद आणि लोखंडी टोकाची लेखणी. टोकाने मेण खरवडलं जातं, तिथून शाई झिरपते आणि अक्षर उमटतं. शब्दाखाली रेघ ओढायची तर लेखणी एका दमात लांबवर न्यावी लागते, आणि कागद नेमका तिथेच उसवतो. म्हणून बाबांचा नियम होता : रेघ मारायची तर आधी कारण सांगायचं. दुसरा नियम पत्रकाच्या तळाचा. खाली नावं हवीत. नावं नसलेल्या पत्रकाला ते 'निनावी चिठ्ठी' म्हणायचे, आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारायचे.

हे दोन नियम घेऊन मी वेबपेज बनवायच्या धंद्यात शिरले. पहिला तिथे लागू पडला. दुसऱ्याने मला एका माणसाच्या ओटीवर गप्प बसवलं. लिहायचंय ते त्याच ओटीबद्दल, पण आधी धंदा काय आहे ते सांगायला हवं.

वसई रोड स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी दातांचा दवाखाना, अशा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तीन कॉम्प्युटर, दोन माणसं. मालक सामंत. ते आधी लग्नपत्रिका छापायचे. वेबसाइट म्हणजे कागद न लागणारी पत्रिका, अशी त्यांची समजूत होती आणि ती फारशी चुकीची नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी 'हार्दिक' या शब्दाभोवतीच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांना विरोध केला, तेव्हापासून ते मला कॉम्रेड म्हणू लागले.

वेबपेज म्हणजे साधा मजकूर आणि त्यात पेरलेल्या खुणा. इथून शीर्षक सुरू, इथे संपलं. इथून परिच्छेद, इथपर्यंत. वाचणाऱ्याला खुणा दिसत नाहीत, त्यांचा परिणाम दिसतो. अक्षर तिरपं करायचं असेल तर ओळीच्या आधी एक खूण उघडायची आणि ओळ संपली की मिटायची. मिटायला विसरलात तर तिथून खाली सगळं पान कलंडतं. नवशिक्याचं पहिलं पान हमखास असं कलंडलेलं असतं. माझंही होतं.

इंग्रजीत तिरपं अक्षर म्हणजे वेगळं घडवलेलं अक्षर, त्याचं वळणच निराळं. आपल्याकडे ती परंपरा नाही. आपलं सरळ अक्षर कॉम्प्युटर नुसतं खांद्याला धरून ढकलतो. मग वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर जाते आणि रफार भलत्याच अक्षराचा वाटतो. तरी गिऱ्हाइकांना तिरपं आवडायचं. विरारचे एक लग्नाच्या हॉलचे मालक आले होते, हातात चार अंगठ्या.

"सगळी अक्षरं तिरपी करा," म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. पत्रिकेवर असतात तशी. क्लास वाटतो."

"सगळंच तिरपं केलं तर त्यातलं वेगळं काय ते कळणार नाही."

"वेगळं काहीच नाहीये त्यात, मॅडम. हॉल आहे, जेवण आहे, पार्किंग आहे."

सामंत खो खो हसले. "कॉम्रेड, याला उत्तर आहे का तुझ्या पत्रकात?"

मी सगळं तिरपं केलं. महिन्याभराने ते परत आले. लोकांना फोन नंबर वाचता येत नव्हता. मी नंबर तेवढा सरळ केला, तर तो पानावर असा उठून दिसला की मालक खूश. "बघा, हेच मला पाहिजे होतं," म्हणाले.

त्या काळात आमच्या धंद्यात एक चळवळ होती. परदेशातले लोक वेबवर लेख लिहायचे आणि मी ते पत्रकांसारखे वाचायचे. त्यांचं म्हणणं असं की खुणेने दिसणं सांगू नये, अर्थ सांगावा. तिरपं करणाऱ्या दोन खुणा आहेत. 'आय' नावाची खूण नुसतं म्हणते, हे तिरपं कर. 'एम' नावाची म्हणते, इथे जोर आहे. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. पण पहिली रंगरंगोटी आणि दुसरी अर्थ, म्हणून पहिली वाईट आणि दुसरी चांगली. मला हे एकदम पटलं. चांगलं काय आणि वाईट काय हे एका वाक्यात सांगणाऱ्या गोष्टी मला तेव्हा लगेच पटायच्या.

एका दुपारी मी आमच्या सगळ्या साइटमधल्या 'आय' शोधून त्यांच्या जागी 'एम' घातल्या. एका झटक्यात, न बघता. आणि जोर तो जोर दिसलाच पाहिजे म्हणून 'एम'ला ठळक लाल रंग दिला. दुसऱ्या दिवशी एका रोपवाटिकेच्या मालकांचा फोन आला. त्यांच्या पानावर प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव तिरपं होतं, जगभर तशीच रीत आहे.

"मॅडम, माझी झाडं ओरडतायत का?"

"म्हणजे?"

"आंबा म्हटलं की लाल. चाफा म्हटलं की लाल. तो जोर नाही हो, ते फक्त परक्या भाषेतलं नाव आहे."

माणूस बरोबर बोलत होता. तिरपं होण्याची कारणं अनेक असतात. जोर हे एक. परक्या भाषेतला शब्द हे दुसरं. कुणाचा तरी वेगळा आवाज हे तिसरं. मी तीन कारणांचं एक करून टाकलं होतं, आणि तेही अर्थाच्या नावाने. चूक दुरुस्त केली. धडा मात्र अर्धाच घेतला.

आता ओटीची गोष्ट.

उमेळ्याच्या वाचनालयाला गावच्या आठवणींचं एक पान वेबवर टाकायचं होतं. काम म्हात्रेबाईंनी केलं होतं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. घरोघर जाऊन, म्हाताऱ्या माणसांसमोर बसून त्यांनी बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. पानी म्हटलं तर पानी, पाणी नाही. दोनशे पानांची वही. त्यात काही शब्दांखाली, काही अख्ख्या ओळींखाली निळ्या शाईची रेघ. बाई अवतरणचिन्हं वापरत नसत. बोलणाऱ्याचा वेग सांभाळायचा तर तेवढा वेळ मिळत नाही, रेघ पटकन मारता येते, असं त्यांचं म्हणणं.

वेबवर रेघ चालत नाही. शब्दाखाली रेघ दिसली की लोकांना वाटतं, इथे दाबलं की दुसरं पान उघडेल. म्हणून बाईंच्या सगळ्या रेघा मी तिरप्या अक्षरांत बदलल्या. कुठली रेघ कशासाठी, हे विचारलं नाही. त्या वेळी मराठी पडद्यावर दिसायला खास फॉन्ट लागायचे आणि तिरप्या अक्षरांचा फॉन्टच वेगळा असायचा. जिथे तिरपं हवं तिथे त्या फॉन्टच्या नावाची खूण. अर्थ कुठेच नाही, निव्वळ दिसणं. पण दिसत नीट होतं. पान चाललं. लोकांनी वाचनालयात जाऊन आपापल्या आजोबांच्या आठवणी वाचल्या.

तीनेक वर्षांनी युनिकोड आलं. म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी वाचता येण्याची सोय. मी सामंतांना भाषण दिलं की आता आपली भाषा कुठल्याही कंपनीच्या फॉन्टची मिंधी नाही. सामंतांनी भाषण संपेपर्यंत चहा पिऊन टाकला. मग मी जुनी पानं बदलायला घेतली. अक्षरं नव्या पद्धतीत नेली आणि फॉन्टच्या खुणा, त्या तर आमच्या चळवळीच्या एक नंबरच्या शत्रू, त्या सगळ्या एका आज्ञेसरशी उडवल्या. पानं हलकी झाली, स्वच्छ झाली. मी ती पुन्हा वाचली नाहीत. स्वच्छ झाल्याचा आनंदच इतका होता.

त्यानंतर काही महिन्यांनी म्हात्रेबाई दोन मजले चढून आल्या. दम लागला होता. पर्समधून त्यांनी एक छापलेला कागद काढला आणि माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"हे तू लिहिलंस?"

आठवण भास्करकाकांची होती. भास्करकाका आणि धाकटे हरीकाका हे दोघे भाऊ, खाडीकाठचे शेतकरी. त्यांची भातशेती बांधाच्या आत. बांधाला एक लाकडी झडप असते. भरतीला ती बंद ठेवायची, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं. एका मोठ्या भरतीला झडप उघडी राहिली आणि खारं पाणी शेतात भरलं. खारं पाणी शिरलेली जमीन पुढे काही वर्षं भात देत नाही. हरीकाकांनी कंटाळून आपला हिस्सा बिल्डरला दिला. तिथे आता चार मजली इमारती आहेत. झडप उघडी कशी राहिली यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं, त्याला बरीच वर्षं झाली होती.

कागदावर भास्करकाकांचे शब्द होते : त्या उधानाला घरी नव्हतो. सासऱ्यांना बघाया गेलो होतो. आलो तर शेतात पानी. विकायचीच होती जमीन, म्हनून झडप उघडी टाकली. मंग बांधावर परत गेलो नाय.

"चौथं वाक्य," बाई म्हणाल्या. "त्याच्याखाली रेघ होती माझ्या वहीत."

मी वाक्य पुन्हा वाचलं. रेघ असताना ते वाक्य दुसऱ्या कुणाचं तरी होतं, काकांवर केलेला आरोप. रेघ गेल्यावर ते काकांचं स्वतःचं झालं. कबुलीजबाब.

"हरीच्या मुलाने, प्रशांतने, ऑफिसात वाचलं. छापून आणलं. हरी आता गावभर दाखवतोय, बघा, शेवटी स्वतःच बोलला. भास्कर वाचनालयात येईनासा झालाय. परवा दुकानात त्याला कोणीतरी विचारलं, काय काका, झडप बंद केली का आज? तो सामान तिथेच ठेवून घरी गेला."

मी लगेच ते वाक्य तिरपं करायला हात पुढे केला. बाईंनी माझं मनगट धरलं.

"एकच? वहीत दीडशे रेघा आहेत. बाकीच्यांचं काय केलंयस ते तुला तरी माहितीय का? आणि आधी त्याला तोंड दाखव."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भास्करकाकांच्या ओटीवर गेलो. मी माफी मागितली. काकांनी ती ऐकली आणि विचारलं, "तू मनवेलपाड्याची ना? येवढ्या लांबून आलीस ती पानी तरी पी." मग बाईंनी वही उघडली आणि मी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही रेघ कशाची?"

"ती भाताच्या जातीची."

"ही?"

"जोराची. हे बोलताना तो मांडीवर थाप मारत होता."

"माझी मांडी नाय दुखली अजून," काका म्हणाले.

"ही?"

बाईंनी चष्मा वर केला, वही जवळ धरली. "अगं, ही पेन चालतंय का ते बघितलं."

सगळी दुपार अशी गेली. मी प्रत्येक रेघेपुढे पेन्सिलीने अक्षर लिहीत होते. ज म्हणजे जोर, श म्हणजे गावचा शब्द, दु म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. जिथे दु होतं तिथे मी विचारायचे, कोणाचं? आपल्या आठवणीतलं काका सांगायचे, इतरांचं बाई. तलाठ्याचं. बायकोचं. शेजारच्या वाडीतल्या माणसाचं. मग आम्ही त्या ओळीपाशी आलो.

"हे माझं नाय," काका म्हणाले.

"मग कोणाचं?"

काका अंगणातल्या जास्वंदीकडे बघत राहिले. बाईंनी वहीवर नजर ठेवली. बाईंना ठाऊक होतं, हे मला तेव्हाच कळलं.

"काका, नाव हवं. ज्याने आरोप केला त्याचं नाव घातलं की तुमच्यावरचं सगळं धुऊन निघेल. लोक त्याला विचारतील."

"म्हनून तर नको."

"पण गावात तुमची बदनामी होतेय. ज्याने शब्द काढला तो मोकळा, आणि तुम्ही..." माझा आवाज चढला होता. "निनावी शब्द मी टाकत नाही. माझे बाबा पत्रक लिहायचे, त्याखाली नेहमी नावं असायची. पोलीस विचारायला आले तरी."

"पत्रक मालकासाठी होतं ना?" काकांनी शांतपणे विचारलं. "हे घरचं हाय."

मी पेन्सिल वहीवर ठेवली. घरचं म्हणजे कोणाचं, ते आता मलाही कळलं होतं. शेतात पाणी बघून, रागाच्या भरात, बांधावर उभं राहून धाकट्या भावाने मोठ्याला म्हटलेलं ते वाक्य होतं. एकदाच. आता तो तेच वाक्य हातात घेऊन गावभर फिरत होता आणि ते आपलंच आहे हे त्याला ओळखू येत नव्हतं.

"तू आधी केलं होतंस तसं तिरपं कर," काका म्हणाले. "तिरपं म्हंजे माझं नाय. येवढं लोकांना कळलं तरी मला पुरे. कोनाचं ते ज्याचं त्याला कळंल."

माझ्या तत्त्वात हे बसत नव्हतं. बस रिकामी होती तरी परत येताना मी उभीच राहिले. ऑफिसात येऊन सगळ्या रेघा पुन्हा घातल्या. या वेळी प्रत्येक रेघेला तिच्या कारणाची खूण दिली. जोराला 'एम'. गावच्या शब्दाला आणि दुसऱ्याच्या आवाजाला तीच माझ्या चळवळीने हद्दपार केलेली 'आय', पण आत कारण लिहून. दिसणं एकच, आतली नावं वेगळी. पानाच्या वर एक ओळ टाकली : बोलण्यातली तिरपी वाक्यं सांगणाऱ्याची नाहीत, त्याने ऐकलेली आहेत. दुसऱ्याच्या प्रत्येक वाक्यापुढे बोलणाऱ्याचं नाव घातलं, काकांच्या त्या वाक्यापुढे मात्र नावाची जागा मी रिकामी ठेवली. पूर्ण साइटमध्ये तेवढी एकच.

चार दिवसांनी हरीकाका आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण भास्करकाकांचीच ठेवण, फक्त केस रंगवलेले. हातात तोच छापलेला कागद, घड्यांवर विरलेला.

"कोन हाय इथे अक्षरं बदलनारं?"

सामंतांनी बोटाने मला दाखवलं. कॉम्रेड म्हणाले नाहीत.

"माझ्या भावाने पैलं कबूल केलं आनि आता तुम्ही ते वाकडं केलंत. किती दिले त्याने?"

"काही नाही. आधी तिरपंच होतं. माझ्या चुकीने सरळ झालं होतं." मी बाईंच्या वहीच्या त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली होती. ती त्यांच्यापुढे ठेवली. निळी रेघ झेरॉक्समध्ये काळी आली होती, पण होती. "हे बघा. मूळ वहीत रेघ आहे. इथली रेघ म्हणजे दुसऱ्याचं बोलणं."

"कोनाचं?"

मी पडद्यावर पान उघडलं आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले. वरची ओळ वाचली. मग खालची आठवण, ओठ हलवत, हळूहळू. सासऱ्यांना बघाया गेलो होतो. आलो तर शेतात पानी. तिरप्या वाक्यावर आले तेव्हा ओठ हलायचे थांबले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. शेजारच्या दवाखान्यात दात कोरायचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"त्याने नाव नाय सांगितलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"तू विचारलंस?"

"विचारलं. मी भांडलेही. ते म्हणाले, घरचं आहे."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, खिशात ठेवला.

"घाल माझं नाव."

मी रिकाम्या जागेत नाव टाइप केलं आणि पान पुन्हा उघडून दाखवलं. वाक्याच्या शेवटी, लहान अक्षरांत : हरी. त्यांनी ते वाचलं. मला वाटलं आता हे अक्षर सरळ करायला सांगतील. मी हात कीबोर्डवर तयार ठेवला.

"तिरपंच राहू दे," ते उठत म्हणाले. "गोष्ट त्याची हाय. मी मधे बोललो, येवढंच."